परसातल्या खोलीची रेंज

१

"घाबरायचं कारण नाही, पण..." एवढं डॉक्टर बोलले, सुनेने ते पलीकडच्या बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि पडदा काळा झाला.

शुक्रवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. कुठल्याशा दवाखान्यात एक बाई डॉक्टरांसमोर बसली होती. डॉक्टरांची भाषा तिला येत नव्हती, आणि मध्ये दुभाषी म्हणून पडद्यावर बसलेली मुलगी अचानक गायब झाली. लाइन परत यायला नऊ मिनिटं लागली. पुढचं वाक्य 'पण गोळ्या वेळेवर घ्या' एवढंच होतं. ते त्या बाईला कळलं नऊ मिनिटांनी, तोवर तिचा जीव किती टांगणीला लागला असेल ते तिलाच माहीत.

हे मला सुनेने सांगितलं ते पुढच्या मंगळवारी सकाळी, घराच्या मागच्या दारात. सून त्या घरची, माझी नव्हे. मी तारवाला. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. मग खांब गेले, माझे गुडघे गेले, आणि आता मी घरोघरी वायफाय बसवत हिंडतो. तारा राहिल्या नाहीत, तरी लोक तारवालाच म्हणतात.

या घरची जोडणीही माझीच. पुढे घर आणि परसात, चाळीस मीटरवर, विटांची एक खोली. त्या खोलीत सासूबाईंचं मातीची भांडी घडवायचं चाक, आणि निम्म्या जागेत सुनेचं टेबल. घरातलं वायफाय तिथवर पोचेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी दोन डबे बसवले. एक घराच्या मागच्या दाराशेजारच्या खिडकीत, दुसरा खोलीच्या खिडकीत, तोंडाला तोंड देऊन. घरच्याने सिग्नल फेकायचा, खोलीतल्याने झेलायचा.

"काका, कंपनीचा नियम आहे," सून म्हणाली. "तीन महिन्यांत तीनदा लाइन तुटली की काम बंद. माझी दोनदा तुटलीय. परवा गुरुवारी दहा वाजता एका आजींच्या ऑपरेशनचं बोलणं आहे. तिथे तिसऱ्यांदा तुटली तर संपलंच."

"एक दिवस घरात बसून नाही चालणार?"

"दार बंद हवं, आणि दुसऱ्या कोणाच्या कानावर शब्द पडता कामा नये. इथे बाबांचा टीव्ही ऐकताय ना?"

ऐकत होतो. गल्लीच्या तोंडापासून ऐकत आलो होतो.

"आणि मोबाइलवर?"

"या खोलगट भागात रेंजच येत नाही. माळ्यावर चढलं तर एक काडी."

पिशवी ठेवायला मी जागा शोधत होतो. दाराशेजारी भिंतीत एक नवा कोरा पितळी हूक होता, त्यावर तिची छत्री लटकत होती.

"अडकवा ना तिथेच," ती म्हणाली. "ह्यांनी लावून दिलाय. पहिल्यांदा लाइन तुटली त्याच सोमवारी. रडून रडून घरात आले तर हा हूक दिसला. तेवढंच बरं वाटलं."

मी पिशवी अडकवली.

"काका, हा बिघाड नाहीये," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी मुद्दाम करतंय." आणि तिने परसातल्या खोलीकडे पाहिलं. तिथलं चाक थांबलेलं होतं.

२

संशयित चार, आणि त्यातला एक मी स्वतः. काम ज्याने केलं त्याच्यावर पहिलं बोट उठतं, आणि तसंच असावं. म्हणून दोन्ही डबे आधी उघडून पाहिले. माझ्या कामात खोट नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. मग घरच्या डब्याचा प्लग भिंतीला चिकटपट्टीने पक्का केला आणि माणसांकडे वळलो.

सासऱ्यांना मी टीव्ही बंद करायला लावला. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

"तारच टाकायची होती," मी ओरडून म्हणालो. "तुम्हीच नको म्हणालात."

"परसातली फरशी मी स्वतःच्या हाताने बसवलीय," ते म्हणाले. "दोन वर्षं लागली. एक जरी उचकटलीत तर याद राखा."

"वायफायवर राग आहे का तुमचा?"

"वायफायवर कशाला? टीव्हीवर आहे. मध्यंतरी एका सोमवारी दुपारी त्यात अशी घरघर सुरू झाली म्हणता, कान किटले. आवाज वाढवला तरी घरघर वरचढ. मग दहा मिनिटांनी आपोआप थांबली. तुम्हाला टीव्ही दुरुस्त करता येतो का?"

मी येत नाही म्हणालो आणि सुनेच्या नवऱ्याकडे गेलो. हा छापखान्यात कामाला, सोमवारी सुट्टी. आज बायकोसाठी उशिरा जाणार होता. दोघांच्या लग्नाला आठ महिने झालेले. तो माझ्याशी बोलत होता, पण नजर माझ्या बुटांवर.

"पहिल्यांदा लाइन तुटली त्या सोमवारी तू घरीच होतास?"

"होतो. दुपारी झोपतो मी."

"घरच्या डब्याचा प्लग कोणी काढला असेल का?"

"आईच म्हणाली ना, तिच्या हातून निघाला असेल म्हणून," तो म्हणाला. "जाऊ द्या ना काका. म्हातारं माणूस आहे."

साठीच्या आतल्या, दिवसाला वीस किलो माती मळणाऱ्या बाईला म्हातारं माणूस म्हणणाऱ्या मुलाकडे मी पुन्हा एकदा पाहिलं.

सासूबाई खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत मातीचे.

"पहिल्या वेळचा प्लग माझ्या हातून निघाला असेल," त्या म्हणाल्या.

"असेल की निघाला?"

"असेल."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी घराकडे फिरकलेच नाही. पण ते कोणाला खरं वाटणार आता?" त्यांनी बोटावरची माती खरवडली. "तारवाले, तुम्ही सांगितलं होतंत, डब्यासमोर लोखंडी काही ठेवू नका. मी माझी लोखंडी मांडणीसुद्धा बाहेर काढली. अजून काय करू?"

सुनेला विचारलं तर ती धुमसतच होती. "मी कामाला बसले की त्या चाक बंद करतात आणि पायरीवर जाऊन बसतात, माझ्याकडे पाठ करून. तोंडातून अवाक्षर नाही. निम्मी खोली गेली त्याचा राग आहे, काका. मला काय कळत नाही?"

मलाही कळल्यासारखं वाटत होतं. पुढच्या अर्ध्या तासात ते सगळं मुसळ केरात गेलं.

३

घरच्या चौघांनाही मी खोलीत बोलावलं. प्रत्येकजण डोळ्यासमोर असला की डब्याला हात लावणारा उरत नाही, एवढा साधा हिशेब.

सुनेचं टेबल मोठ्या खिडकीशी होतं, भरपूर उजेडात. सासरे खुर्चीत बसले. नवरा दाराला टेकून उभा. सासूबाईंचं काही काम थांबेना. काल घडवलेल्या हातभर उंच बरण्या पडवीत ओल्या फडक्याखाली होत्या, त्या ऊन चढायच्या आत सावलीत न्यायच्या होत्या. लाकडी फळीवर तीन-तीन बरण्या ठेवून, फळी दोन्ही हातांवर तोलत त्या आतबाहेर करत होत्या. घराकडच्या सावलीतल्या खिडकीसमोर एकेक फळी लागत होती.

मी सुनेच्या टेबलाशी बसून फोनवर सिग्नल पाहत होतो. चार काड्या. दारातून घराची मागची बाजू स्वच्छ दिसत होती. प्लगवर माझी चिकटपट्टी. घरात चिटपाखरू नाही.

"तर," मी जरा घसा साफ करून म्हणालो, "लाइन कशी तुटते ते आपण आता..."

तीन काड्या.

मी फोन हलवून पाहिला. अशा वेळी शहाणी माणसंही फोन हलवतात.

दोन.

"काका?" सुनेच्या आवाजात रडू होतं.

एक. ती एकही दोनदा लुकलुकली.

घरात कोणी नव्हतं. सगळे संशयित माझ्यासमोर होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी लाइनचा गळा आवळत होतं.

४

मला विचार करायचा असला की मी नोंदी काढतो. या डब्यांना एक चांगली सवय असते. आपण विचारलं नाही तरी दर मिनिटाला ते सिग्नलचा जोर टिपून ठेवतात. पायरीवर बसून मी दोन महिन्यांच्या नोंदी वाचल्या. आधीच वाचायला हव्या होत्या. पण माणसं समोर असली की त्यांच्यावर संशय घेण्याचा मोह कोणाला आवरतो? मला तरी आवरला नाही.

पहिली वेळ, तीन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत पूर्ण जोर, मग एकदम काही नाही. तीन एकवीसला घरचा डबा नव्याने सुरू झाल्याची नोंद. म्हणजे वीज तोडली गेली, आणि अकरा मिनिटांनी परत दिली गेली.

दुसरी वेळ, शुक्रवार. इथे डबा बंद पडलाच नव्हता. सकाळी नऊपासून जोर पायरी-पायरीने उतरत गेला, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी पार संपला. नऊ मिनिटांनी कसाबसा धुगधुगायला लागला, आणि मग शनिवार, रविवार, सोमवार असा रेंगाळत वर आला. आज सकाळी पुन्हा तशाच पायऱ्या.

दोन वेळा, दोन तऱ्हा. आम्ही सगळे एक गुन्हेगार शोधत होतो आणि प्रत्यक्षात होते दोन.

सोमवारचं काम माणसाचं. शुक्रवारचं मात्र कोणाच्या हाताचं वाटेना. माणूस प्लग काढेल, डबा फिरवेल. एका सकाळीत पायऱ्या उतरायच्या आणि तीन दिवस सावकाश चढायच्या, एवढी चिकाटी माणसात नसते. तीन दिवस सावकाश असं काय होतं?

तेवढ्यात सासूबाई शेवटची फळी घेऊन माझ्या शेजारून आत गेल्या. ओल्या मातीचा गार वास आला, आणि माझ्या गुडघ्यावर पाण्याचा एक थेंब पडला.

मी उठलो. इतक्या झटक्यात की गुडघे कुरकुरायचंही विसरले.

५

"सुनेचं टेबल आधी कुठे होतं?" मी विचारलं.

"तिथे," सून म्हणाली. घराकडच्या खिडकीशेजारचा अंधारा कोपरा. "लाइन पहिल्यांदा तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं हलवलं. मला न विचारता."

"आणि तुमची भांडी आधी कुठे सुकायची?"

"मोठ्या खिडकीशी," सासूबाई म्हणाल्या. "लोखंडी मांडणीवर." मग जरा थांबून म्हणाल्या, "ती डोळे बारीक करून बसायची अंधारात. मला बघवेना. म्हटलं, उजेडाची बाजू तिला देऊ. माझ्या मातीला काय, सावलीच बरी. हळू सुकलं की तडे जात नाहीत."

सून त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"पहिले दोन आठवडे काय घडवत होतात?"

"कप. लहानसे. मोठ्या बरण्या गेल्या आठवड्यापासून."

मी फोन सुनेच्या हातात दिला. "यावर बघत राहा." खिडकीसमोरची पहिली फळी उचलली, बाहेर नेली. दुसरी नेली. तिसरी.

"दोन!" सून आतून म्हणाली. "काका, तीन! चार! चारही आल्या!"

"सिग्नलला लोखंड आवडत नाही, तसंच पाणीही आवडत नाही," मी म्हणालो. "ओली बरणी म्हणजे उभं केलेलं पाणी. तीन फळ्या लागल्या की डब्यासमोर पाण्याची भिंतच होते. बरण्या सुकत जातील तसा सिग्नल चढतो, नव्या ओल्या लागल्या की उतरतो. कपांना ते जमलं नाही, बरण्यांनी जमवलं."

"म्हणजे मीच केलं," सासूबाई खाली बसल्या.

"तुम्ही कसलं? मी सांगितलं लोखंड ठेवू नका, तुम्ही लोखंड काढून लाकूड लावलंत. मी सांगितलं तेवढं अक्षर न् अक्षर पाळलंत. पाण्याचं मी बोललोच नाही. आणि खरं सांगू? हा डबा बाहेर, खिडकीच्या वर, भिंतीला लावायचा असतो. मला शिडी चढायचा कंटाळा आला म्हणून मी तो आत ठेवला. शुक्रवारचा गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे." मला खरोखरच लाज वाटली. तीस वर्षं खांबांवर काढलेल्या माणसाने सहा फुटांची शिडी टाळली होती.

मग सून म्हणाली, "पण पहिल्या वेळी?"

"ते वेगळं. तेव्हा प्लग निघाला. पण चुकून निघालेला प्लग अकरा मिनिटांनी आपणहून परत बसत नाही. कोणालातरी त्या जागी दुसरं काही लावायचं होतं, अकरा मिनिटांपुरतं. ते झाल्यावर त्याने डबा परत जोडून दिला. मुद्दाम केलेलं नव्हतं. नंतर सांगायचं मात्र राहून गेलं."

"कोणी?"

"ते मी सांगायचं नाही," मी म्हणालो. "माझी पिशवी घेतो."

सगळे माझ्या मागून घराच्या मागच्या दाराशी आले. हुकावरून पिशवी काढायला मी जरा जास्तच वेळ लावला. हुकाच्या बरोबर खाली, जमिनीच्या कोपऱ्यात, केरसुणीला न सापडलेली चिमूटभर लाल भुकटी होती. विटेत भोक पाडलं की पडते तशी. आणि तिथून हातभरावर डब्याचा प्लग.

सासरे तिकडे पाहून एकदम म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे ती घरघर टीव्हीतली नव्हती?"

नवऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी काढला होता प्लग," तो म्हणाला. "ड्रिल लावायला. तुझी छत्री सारखी पडायची म्हणून. तू कामात आहेस हे लक्षातच आलं नाही. मग तू रडत आलीस, आणि मी सांगणार तेवढ्यात आई म्हणाली तिच्या हातून निघाला असेल. मी गप्प बसलो. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत तीन आठवडे गेले."

"तीन आठवडे मी यांच्याशी नीट बोलले नाही," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "आणि तू बघत होतास?"

तो वाकून ती लाल भुकटी बोटाने टिपायला लागला. मला त्याची कीव आली नाही. थोडी आली, पण फार नाही.

सून सासूबाईंकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"परसात होते मी. ड्रिल ऐकू आलं."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

सासूबाई हातावरची वाळलेली माती चोळत राहिल्या. "आठ महिने झाले तुला या घरात येऊन. माझ्यावर रागावलीस तर फार तर बोलणार नाहीस. सासूवर रागावायचं असतंच. त्याच्यावर रागावली असतीस तर कोणाशी बोलली असतीस?"

सुनेने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला तिला छत्री हुकावर नीट अडकवण्याचं काम पुरलं.

६

बुधवारी मी शिडी चढलो. खाली शिडी धरायला नवरा होता, रजा काढून. त्याच्यावर बायकोचं अजून फुरंगटणं चालू होतं आणि त्याला ते मान्य होतं. डबा खिडकीच्या वर, बाहेरच्या भिंतीला गेला. सासरे खालून म्हणाले, "तारच टाकायची असेल तर चार फरशा काढून देतो." दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हे निघालं होतं, त्यामुळे नको म्हणताना मला वाईट वाटलं.

गुरुवारी मला बोलावणं नव्हतं. तरी मी पावणेदहाला तिथे होतो. सासऱ्यांनी टीव्ही लावला नव्हता. नवरा मागच्या दारात, प्लगजवळ, पहारेकऱ्यासारखा उभा. सून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सासूबाई चाक थांबवून बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, दाराकडे पाठ करून. अर्धी घडवलेली बरणी आत चाकावर तशीच होती. त्यांचे हात ओले होते. कशालाही न टेकवता ते समोर धरून त्या बसून राहिल्या.

"चाक का थांबवता हो?" मी हळू आवाजात विचारलं.

"घरघरतं ते. तिकडच्या माणसाला ऐकू गेलं तर?"

"आणि पाठ का करून बसता?"

"तिचं तोंड दिसलं तर कळतं काय चाललंय ते. कोणाच्या आजारपणाचं बोलणं असतं. आपण कशाला पाहायचं?"

फोनवर चार काड्या होत्या. दहा वाजून दहा, चार. वीस, चार. तिसाव्या मिनिटाला एक काडी गेली आणि मी पुन्हा फोन हलवून पाहिला. परत आली. दाराआडून शब्द कळत नव्हते, नुसता सुनेचा आवाज येत होता, कधी या भाषेत, कधी त्या, न थांबता.

सासूबाईंच्या हातावरची माती हळूहळू पांढुरकी होत गेली. बोटं वाळून आखडली तरी त्यांनी हात हलवले नाहीत.

दहा त्रेपन्नला दार उघडलं. सून चौकटीत उभी होती, दमलेली, केस विस्कटलेले. आत काय बोलणं झालं ते ती सांगणार नव्हती आणि आम्ही विचारणार नव्हतो.

"एकही वाक्य अर्धं राहिलं नाही," एवढंच ती म्हणाली.

मागच्या दारात नवऱ्याने सुस्कारा सोडला, तो चाळीस मीटरवर ऐकू आला. सून खाली आली, पायरीवर सासूबाईंच्या शेजारी बसली. त्यांचे वाळलेले हात तिने आपल्या हातात घेतले, तिची कामाची स्वच्छ बाही मातीने भरली तरी.

"आई," ती म्हणाली, "चाक फिरवा आता. बरणी वाळून जाईल."